उजव्या हाताची शाई

चहाचा कप बायकोने डाव्या हाताने टेबलावर ठेवला तेव्हा मास्तरांना पहिली खूण दिसली. साखरेचा डबा उजव्या हाताने पुढे सरकवला तेव्हा दुसरी. दोन्ही तर्जन्यांवर, नखाच्या मुळापासून खाली कातडीवर उतरलेली, काळपट जांभळी रेघ. ती नेहमीसारखी समोर बसली आणि बशीत सांडलेला चहा परत कपात ओतू लागली. दोन वाजून गेले होते. खिडकीबाहेरचा रस्ता सुट्टीचा होता. अर्ध्या दुकानांचे दरवाजे ओढून घेतलेले, आणि माणसं दोन-दोन, चार-चार करून शाळेच्या दिशेने जात होती किंवा तिकडून परत येत होती. मास्तर दहा वर्षांपासून चहात साखर घेत नव्हते. ती रोज डबा पुढे सरकवायची, ते रोज परत सरकवायचे. संसारात असे काही विनोद उरतात ज्यांना कोणी हसत नाही, पण एखादा दिवस राहून गेला तर चुकल्यासारखं वाटतं. आज मास्तरांनी दोन चमचे साखर घातली आणि ढवळत राहिले. तिने पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

एकच खूण असती तरी पुरे होती. काही घरांत मांजर पाळत नाहीत, काही घरांत दुपारी झोपत नाहीत, तसं या घरात मत देत नसत. एकतीस वर्षं. हा नियम मास्तरांनीच केला होता, पण इतक्या हळूहळू केला होता की केल्याचा दिवस सांगता आला नसता. सगळे एकाच माळेचे मणी. आपल्या एका मताने काय होणार, समुद्रात खसखस. दर निवडणुकीला जेवताना ते हे समजावून सांगत, वर्गात भागाकार समजावत तसं, न रागावता, उदाहरणं देत, समोरच्याला कळेपर्यंत थांबत. ती ऐकायची आणि मान हलवायची. मान हलवली म्हणजे पटलं असं नसतं, हे जन्मभर मुलांना शिकवलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण आत्ता मास्तरांना त्या मानेची आठवण छळत नव्हती, उजव्या हाताची रेघ छळत होती. दोनदा मत दिलं, असा अर्थ दुसऱ्या कोणी काढला असता. मास्तरांनी काढला नाही, कारण नोकरीत असताना पाच निवडणुकांत त्यांनी शाईच्या टेबलावर काम केलं होतं. मतदाराची शाई डाव्या तर्जनीला. उजव्या तर्जनीला शाई एकाच प्रकारच्या माणसाला लावतात: जो एखाद्या आंधळ्या मतदाराचा सोबती होऊन त्याच्याबरोबर पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो, तो सांगेल तिथे त्याच्या वतीने शिक्का मारतो, आणि आत जे पाहिलं ते कोणाला सांगणार नाही असं लिहून देतो. म्हणजे ती आज दोनदा आत गेली होती. एकदा एकटी आणि एकदा कोणाबरोबर तरी.

आणि ही काही पहिली निवडणूक नव्हती, हे साखर विरघळायच्या आत त्यांच्या लक्षात आलं. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. काचपट्टीवर थुंकीचा नाहीतर रक्ताचा थेंब पसरायचा, वाळवायचा, त्यावर जांभळा रंग ओतायचा, धुवायचा, मग दुसरा रंग. रंगवल्याशिवाय जंतू दिसत नाहीत, असं तिने लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आणि सांगताना हात टेबलाखाली लपवले होते. तिची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जांभळी असत. साबणाने जात नसे, लिंबाने जात नसे. ती बोटं टेबलाखालून वर काढायला मास्तरांना तीन भेटी लागल्या, आणि तेव्हापासून हजार हातांतून तिचा हात ओळखू येईल असा त्यांना अभिमान होता. मुलगी लहानपणी समजायची की सगळ्याच आयांची बोटं जांभळी असतात; शेजारच्या काकूंचे गोरे हात बघून ती एकदा घाबरून रडली होती. चार महिन्यांपूर्वी बायको निवृत्त झाली आणि रंग एकेका नखावरून उतरत गेला. तिसऱ्या महिन्यात तिने दोन्ही हात उजेडात धरून म्हटलं होतं की हे दुसऱ्याच कोणाचे तरी वाटतात. तर त्या जांभळ्यात हे जांभळं. मोठ्या निवडणुका आणि शहराच्या निवडणुका मिळून मास्तरांनी मनात मोजल्या, निदान चौदा झाल्या होत्या. चौदा वेळा ती ती रेघ घेऊन घरी आली होती, वाढायला बसली होती, आणि त्याच बोटाकडे बघत त्यांनी तिला समुद्र आणि खसखस समजावली होती. झाकली मूठ म्हणतात ती हीच. हजार हातांतून ओळखू येणारा हात त्यांना आपल्या ताटासमोर ओळखू आला नव्हता.

कोणाबरोबर, हे विचारायची गरजच नव्हती. भिंगवाला. हे नावही मास्तरांनीच ठेवलेलं. तीस वर्षं तो तिच्या शेजारच्या टेबलाशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. ती काच रंगवून द्यायची, तो बघून सांगायचा, ती वहीत लिहायची. एक डोळा मिटून जगणारा माणूस. घरी दोनदाच जेवायला आला होता आणि दोन्ही वेळा मोजून पाच-सहा वाक्यं बोलला होता. मुलीने, तेव्हा ती सात वर्षांची असेल, त्याला काड्यापेटीत ठेवलेली मेलेली मुंगी दाखवली होती. त्याने ती पेटी तळहातावर घेतली आणि इतका वेळ, इतक्या निवांतपणे पाहिली की मुलगीच शेवटी कंटाळून त्याच्या गुडघ्यावर बसली. मास्तर मुलांना शिकवून पोट भरत होते. मुंगीबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं, पाय सहा, पोटं दोन, आणि ते सगळं त्यांनी त्याच वेळी सांगितलंही. कोणी ऐकलं नाही. त्या संध्याकाळचा काटा तेव्हाच काढून टाकला असं त्यांना वाटत होतं. आज तो आत जाऊन पिकला होता असं दिसलं. दोन वर्षांपूर्वी भिंगवाल्याची दृष्टी गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही. ती दर बुधवारी त्याच्याकडे वर्तमानपत्र वाचायला जायची, आणि मास्तर शेजाऱ्यांना हे कौतुकाने सांगत, आमच्या हिला फार दया. जन्मभर एका डोळ्याने बघून म्हातारपणी दोन्ही गेले, असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्यात थोडं गोड वाटलं होतं, आणि त्या गोड वाटण्याची लाज वाटून त्यांनी पुढच्या बुधवारी त्याच्यासाठी संत्री पाठवली होती.

तो आडोसा त्यांना नको इतका माहीत होता. तीन बाजूंनी पुठ्ठा, छातीइतका उंच, आत लहान टेबल, दोरीने बांधलेला शिक्का, शाईची गादी. एका माणसाला पुरेल इतकीच जागा. दोघं उभे राहिले तर कोपराला कोपर लागणारच. आंधळ्याला यादी वाचून दाखवायची ती कानाशी, कारण बाहेर ऐकू जाता कामा नये. आणि त्याने उत्तर द्यायचं तेही कानातच. चाळीस वर्षांच्या संसारात आपण तिच्या कानात शेवटचं कधी बोललो, हे मास्तर आठवू लागले. हाका आठवल्या, आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत मारलेल्या. चष्मा कुठे आहे, दिवा कोणी ठेवला. कानात काही सांगावं असं गुपितच उरलं नव्हतं, अशी त्यांची समजूत होती. आणि आता कळत होतं की गुपितं होती, एक तिच्याकडे आणि एक त्यांच्याकडे, आणि दोघांनी ती इतकी नीट सांभाळली होती की घर भरल्यासारखं वाटत होतं.

साडेतीनला मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात असते, दर सुट्टीला फोन करते. जावयाचा खोकला, नातीची परीक्षा, असं सगळं झाल्यावर तिने सहज विचारलं की आईचं मत देऊन झालं का, की ऊन उतरायची वाट बघतेय. मास्तर म्हणाले, झालं. मग म्हणाले, तुला माहीत होतं. पलीकडे जी शांतता झाली तीत त्यांना सगळं ऐकू आलं. मुलगी हसण्यावारी न्यायला लागली, अहो बाबा, मी पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा आईनेच तर सांगितलं होतं, कागदाची घडी कशी घालायची ते. मास्तरांनी फोन तिच्या आईकडे दिला. ती घडी. शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या नावावर उमटू नये म्हणून कागद आधी उभा दुमडायचा, मग आडवा. टेबलावर बसून ही घडी त्यांनी शेकडो माणसांना दाखवली होती, आणि एकदा घरी जेवताना, टेबलावरची गंमत म्हणून, बायकोलाही. तिने ती शिकून घेतली होती आणि मुलीला दिली होती. म्हणजे त्यांच्या नकळत त्यांचाच धडा घरात फिरत होता, आणि फक्त तेच वर्गाबाहेर उभे होते.

फोन ठेवून ती कपड्यांना इस्त्री करायला बसली तेव्हा त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला.

"भिंगवाल्याला घेऊन गेली होतीस."

"हो." तिने शर्टाची कॉलर सपाट केली. "त्यांना आता नावं वाचता येत नाहीत. दरवेळी आम्ही जेवणाच्या सुट्टीत जायचो, प्रयोगशाळेतले तिघं-चौघं. आता बाकीचे राहिले नाहीत. मी काच रंगवायची, ते वाचायचे. आज मी वाचून दाखवलं."

"तुमचं दोघांचं मत एकच असेल म्हणा."

यावर ती हसली, मनापासून, इस्त्री उभी करून ठेवून. "आमचं? अहो, तीस वर्षांत एकदाही नाही जुळलं. आमच्या भांडणांना कंटाळून पोरी डबे उचलून दुसऱ्या खोलीत जायच्या. आज सकाळीसुद्धा जिन्यात भांडलोय. त्यांनी तर मला जिन्यातच थांबवून विचारलं, तू तिथे आत माझं ऐकशील ना, की हाताला धरून स्वतःचंच पुढे ढकलशील."

"मग? शिक्का कुठे मारलास?"

"ते म्हणाले तिथे."

"त्याला दिसत नाही."

"नाही."

"तू कुठेही मारला असतास तरी त्याला कळलं नसतं. जगात कोणालाच कळलं नसतं."

"नसतंच कळलं." तिने बाही उलटी केली. तिला हा प्रश्न विचित्र वाटत होता, मुलांना शून्याने भागायला सांगावं तसा. "मत त्यांचं होतं."

"म्हणजे तुझं पुसलं गेलं."

"पुसलं कसं? दोन्ही पेटीत आहेत."

तिने दुसरी बाही पुढे ओढली. मग मास्तरांनी तो प्रश्न विचारला जो त्यांना पहिला विचारायचा होता: एकतीस वर्षं मला का नाही सांगितलंस. तिने मान वर केली, रागावलेली नव्हती, थोडी थकलेली होती.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही सांगत होतात."

मास्तर आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. त्यांना भिंगवाल्याचा हेवा वाटत होता, दोन तास वाटत होता, पण आता त्या हेव्याने कूस बदलली होती. कोपराला लागलेलं कोपर त्यांच्या डोळ्यांपुढून हटलं. आता दिसत होता तो म्हातारा, समोर काहीच दिसत नसलेला, जिच्याशी जिन्यात भांडला तिच्याच हातात आपला कागद देऊन निर्धास्त उभा असलेला. असं कोणी आपल्या हातात कधी काही दिलं नाही, असं म्हणून त्यांना स्वतःची कीव करायची होती. ती करता येईना. दिलं होतं. पस्तीस मुलांनी दिलं होतं.

चौथीचा वर्ग. वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा होता, आणि मास्तरांनी ठरवलं होतं की मुलांना निवडणूक म्हणजे काय ते पुस्तकातून नाही, करून शिकवायचं. तिवईवरचा फळा आडवा लावून त्याच्या मागे आडोसा केला. खडूच्या रिकाम्या डब्याला वरून फट पाडली. फळ्यामागे एकटं जायचं, चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी घालून डब्यात टाकायची, बाहेर येऊन कोणाला सांगायचं नाही. आणि मुलं इतक्या गंभीर चेहऱ्याने फळ्यामागून बाहेर येत होती की मास्तरांना भरून आलं होतं. त्यांनी इतका चांगला तास पुन्हा कधी घेतला नाही. उभ्या होत्या दोघी. एक दाताच्या डॉक्टरांची मुलगी, अक्षर मोत्यासारखं, सांगितलेलं ऐकणारी. दुसरी खिडकीपाशी बसायची, सायकल दुरुस्तीवाल्याची, जिला प्रत्येक गोष्टीला पण विचारायचं असे. मास्तरांनी टेबलावर चिठ्ठ्या उलगडल्या. एकोणीस आणि सोळा. एकोणीस खिडकीवालीला. पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी वरिष्ठ येणार होते, प्रतिनिधीने उभं राहून पाठ म्हणायचा होता, आणि मास्तरांना वाटलं की मुलांना अजून कळत नाही. एवढंच. कोणाचा दबाव नव्हता, कोणाचा लोभ नव्हता. त्यांनी उभं राहून दुसरं नाव वाचलं. टाळ्या झाल्या. मग खिडकीपाशी हात वर झाला.

"सर, मी मोजून बघू?"

"का गं? माझ्यावर विश्वास नाही का?" मास्तर हसून म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. ती बसली. रडली नाही. त्यांनी चिठ्ठ्या कोटाच्या खिशात घातल्या आणि त्या खिशातच धुतल्या गेल्या.

त्याच महिन्यात ते पहिल्यांदा शाईच्या टेबलावर बसले. दिवसभर माणसं बोट पुढे करत होती. कोणी उन्हातून आलेलं, कोणी लेकरू कडेवर घेतलेलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो फळ्यामागून बाहेर येणाऱ्या मुलांचा गंभीरपणा. मास्तर प्रत्येकाला रेघ ओढत होते आणि मनात म्हणत होते, मोजणारा कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे. तो माझ्यासारखा असतो, बरा माणूस असतो. ड्यूटीवरच्या लोकांसाठी टपालाने मत पाठवायचा कागद मिळाला होता, तो त्यांनी पाठवला नाही. समुद्र आणि खसखस नंतर आली, कारण जेवताना काहीतरी सांगावं लागतं. खिडकीवाली पुढे बापाच्याच दुकानात बसली. दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत होतं, घरापासून शाळेचा तो सगळ्यात जवळचा रस्ता. मास्तर निवृत्त होईपर्यंत लांबच्या रस्त्याने गेले, आणि कोणी विचारलं तर म्हणत, तेवढेच पाय मोकळे होतात.

पाच वाजता ते बुटांच्या नाड्या बांधू लागले. ओळखपत्र कपाटात मुलीच्या बारशाच्या फोटोखाली सापडलं. ती दारात येऊन उभी राहिली. मास्तरांना तिच्या चेहऱ्यावर आनंद बघायचा होता, पण ती फक्त बघत होती, ताप उतरलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग त्यांनी ते म्हटलं जे म्हणायचं नाही असं जिना उतरेपर्यंत ठरवलं होतं, आणि जिना सुरूही झाला नव्हता.

"आताशा मलाही नीट दिसत नाही. माझ्याबरोबरही येशील आत?"

"तुम्हाला पेपरातली मुंगीएवढी जाहिरात दिसते." तिने उजव्या हाताचं बोट वर केलं. "शिवाय एका माणसाला एका दिवसात एकाचंच सोबती होता येतं. मला सकाळी सही करायला लावलीय. तुम्हाला ठाऊक नाही होय? तुम्हीच तर लावायचात." मग चपला घालत म्हणाली, "फाटकापर्यंत येते."

नियम त्यांना ठाऊक होता. तरी तो आपल्याविरुद्ध लागू होईल असं वाटलं नव्हतं. लांबच्या रस्त्याने दोघं शाळेपर्यंत गेले. ती फाटकाशी थांबली आणि मास्तर रांगेत उभे राहिले, आपल्याच शाळेत, आपण तेवीस वर्षं शिकवलेल्या खोलीच्या दाराशी. बाकं भिंतीला लावली होती. यादीवाल्या मुलीने पट्टी खाली सरकवत त्यांचा क्रमांक शोधला. बायकोच्या नावासमोर खूण होती, सकाळची. त्यांच्या नावासमोर कोरं. एका ओळीचं अंतर. शाईच्या टेबलावरच्या पोरीपुढे त्यांनी हात केला.

"आजोबा, डावा," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आलात वाटतं?" मागे दोघंतिघं हसले. मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांनी उजवा हात पुढे केला होता.

आडोशामागे ते पहिल्यांदा एकटे पडले. कागद हातात. त्यांना आधी वाटलं तिने जिथे मारला तिथेच आपणही मारावा. ती जागा त्यांना माहीत नव्हती. मग वाटलं भिंगवाल्याने जिथे मारायला सांगितला ती सोडून कुठेही. तीही माहीत नव्हती. त्या दोघांची खूण कागदावर कुठेच नव्हती. दिवसभर ज्या हेव्याने त्यांना इतकं काय काय दाखवलं होतं, त्याला इथे काही दिसत नव्हतं. मागून कोणी खोकलं. शेवटी मास्तरांनी चष्मा पुसला आणि हजेरी घ्यावी तशी वरून एकेक नाव वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत, आणि प्रत्येक नावाशी थोडं थांबत, जणू कोणी हजर म्हणणार होतं. सगळी यादी वाचून होईपर्यंत त्यांचं मन एका नावाशी जाऊन थांबलं होतं. चांगलं की वाईट ते सांगता आलं नसतं, पण ते त्यांचं स्वतःचं होतं. शिक्का मारला. आधी उभी घडी, मग आडवी. पेटीत कागद पडल्याचा आवाज होत नाही. खडूच्या डब्यात व्हायचा.

ती फाटकाशी तशीच उभी होती. मास्तर चालत तिच्याजवळ गेले आणि थोडे थांबले. कोणाला, हे तिने विचारावं अशी त्यांची फार इच्छा होती. सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलंही होतं. तिने विचारलं नाही. तिने त्यांचं बोट धरलं, उजेडाकडे वळवून रेघ पाहिली, काचपट्टी पाहायची तशी, आणि म्हणाली, नीट लागलीय. मग ती सवयीने लांबच्या रस्त्याकडे वळली.

"आज इकडून जाऊ," मास्तर म्हणाले.

गल्ली त्यांच्या आठवणीपेक्षा अरुंद होती. दुकान उघडं होतं. भिंतीवर टायर टांगलेले, पुढे एक सायकल उलटी उभी केलेली, आणि तिच्यामागे चाळिशीची एक बाई स्टुलावर बसून चाकाच्या तारा आवळत होती. केस बोटभर कापलेले. ओळखायला काहीच अडलं नाही. ती तशीच बसली होती, मान एका बाजूला झुकवून, जशी खिडकीबाहेर बघत बसायची. मास्तरांची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. त्यासाठीच ते आले होते, हे त्यांना तिथे उभं राहिल्यावर कळलं. दोन्ही हात मनगटापर्यंत वंगणाने काळे होते. तर्जनी कुठली तेही नीट कळत नव्हतं. पुन्हा तेच. बघून कळणार नव्हतं. बोलावं लागणार होतं.

"सर," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"बस, बस." मास्तरांनी उलट्या सायकलचं पेडल धरलं. शेजारी बायको उभी आहे याचं त्यांना भान होतं, आणि तिच्यासमोरच सांगायचं होतं. "चौथीत असताना. वर्गाची निवडणूक झाली होती. एकोणीस आणि सोळा झाले होते. एकोणीस तुझे होते. मी उलट वाचलं."

बाईने चाक फिरू दिलं. ते थोडं डगमगत फिरलं आणि हळूहळू थांबलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीत एकेकाला विचारून घेतलं होतं मी. अठराच भरले. एकजण सांगेना." ती जराशी हसली. "त्याने कोणाला दिलं, ते आजपर्यंत कळलं नव्हतं बघा. म्हणजे तोच एकोणिसावा."

 मास्तरांना वाटलं होतं ती चिडेल, नाहीतर जाऊ द्या हो सर म्हणेल, आणि दोन्हीसाठी ते तयार होते. त्यांनी विचारलं, आणि आवाज विद्यार्थ्यासारखा निघाला, की मग ती मत देते का.

तिने गुडघ्यावरचं फडकं उचललं आणि हात पुसायला घेतले. वंगण सहज जात नव्हतं. बोट बोट करून ती पुसत होती, आणि शेजारी मास्तरांची बायको ते हात बघत होती, स्वतःच्या जुन्या हातांकडे बघावं तशी. डाव्या तर्जनीवरचं काळं फिकं झालं, आणि खालून दुसरं काळं निघालं, सरळ, नखाच्या मुळापासून उतरलेलं.

"प्रत्येक वेळी," ती म्हणाली. "आणि नुसतं मत नाही. उमेदवारांकडून मोजणीला माणसं बसवतात ना, टेबलाशी लक्ष ठेवायला? तिथे बसते मी. कोण उभा आहे ते मला फारसं बघायचं नसतं, जो बसवेल त्याच्याकडून बसते. दहा वर्षं झाली. तिथले साहेब माझ्यावर वैतागतात, म्हणतात ही बाई चिठ्ठी चिठ्ठी उलटून बघायला लावते." तिची नजर मास्तरांच्या हातावर गेली, पेडल धरलेल्या डाव्या हातावर, आणि तिथे जरा थांबली. शाळेच्या बाजूने सहाची घंटा झाली, दार बंद झाल्याची.

"परवा मोजणी आहे," ती म्हणाली आणि चाकाची तार पुन्हा आवळायला घेतली. "तुमचंही मोजेन, सर."